लिंकननंतरची बारा वर्षे : प्रस्तावना

अमेरिकेच्या राजकीय इतिहासातील दोन नावे मराठी वाचकाला शाळेपासून परिचयाची असतात, एक अब्राहम लिंकन यांचे आणि दुसरे मार्टिन ल्यूथर किंग यांचे. लिंकन यांच्या नावावर प्रसिद्ध असलेले आणि वसंत बापटांच्या अनुवादामुळे महाराष्ट्रातील कितीतरी शाळांच्या भिंतींवर पोहोचलेले हेडमास्तरांना लिहिलेले पत्र लिंकन यांच्या संकलित लेखनात सापडत नसले, तरी त्या पत्राने या राष्ट्राध्यक्षाविषयी मराठी मनात रुजवलेली आपुलकी खरी आहे. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले लिंकन १८६५ मध्ये मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडले आणि त्याच गुलामांच्या वंशजांना १९६५ मध्ये मताच्या हक्कासाठी अलाबामातील रस्त्यांवर लाठ्या खाव्या लागल्या, हेही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु या दोन घटनांमध्ये शंभर वर्षांचे अंतर का पडले, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर ज्या कालखंडात आहे, तो १८६५ ते १८७७ हा बारा वर्षांचा कालखंड अमेरिकेच्या इतिहासात ‘पुनर्रचना’ या नावाने ओळखला जातो आणि तोच प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

पुनर्रचना म्हणजे यादवी युद्धात पराभूत झालेली दक्षिणेची राज्ये संघराज्यात परत घेण्याची प्रक्रिया, एवढाच अर्थ सामान्यतः दिला जातो. तो अपुरा आहे. नागरिक कोण, मत कोणाला आणि राज्य सरकारने एखाद्याचा हक्क हिरावला तर केंद्राने काय करायचे, या तीन प्रश्नांवर १७८७ च्या राज्यघटनेने मौन पाळले होते किंवा पळवाट काढली होती. त्यांची उत्तरे या बारा वर्षांत लिहिली गेली, काही काळ अमलात आली आणि मग त्यांच्यामागचे बळ काढून घेण्यात आले. लिहिलेला कायदा आणि त्यामागे उभी राहणारी सत्ता यांच्यातील अंतर किती जीवघेणे ठरू शकते, हे दाखवणारा याहून स्पष्ट कालखंड अमेरिकेच्या इतिहासात नाही.

मूळ राज्यघटनेत ‘गुलाम’ हा शब्द नव्हता, पण गुलामगिरीची व्यवस्था होती. काँग्रेस, म्हणजे तेथील केंद्रीय विधिमंडळ, सिनेट आणि प्रतिनिधिगृह या दोन सभागृहांचे बनलेले असते. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा असतात, तर प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येप्रमाणे ठरतात. ही लोकसंख्या मोजताना पाच गुलामांमागे तीन माणसे धरावीत, असे ठरले होते, त्यामुळे ज्यांना मत नव्हते त्यांच्या संख्येच्या बळावर त्यांच्या मालकांना अधिक जागा मिळत. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कळस चढवला. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी निर्णय दिला, की आफ्रिकी वंशाचा माणूस, तो स्वतंत्र असो वा गुलाम, अमेरिकेचा नागरिक असूच शकत नाही. तीन वर्षांनी लिंकन चाळीस टक्क्यांहूनही कमी मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले, ते गुलामगिरी नष्ट करण्याच्या नव्हे, तर तिचा नव्या प्रदेशांत होणारा विस्तार रोखण्याच्या आश्वासनावर. तेवढेही दक्षिणेला सोसवले नाही. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडले, पाठोपाठ आणखी सहा राज्ये गेली, एप्रिल १८६१ मध्ये युद्ध सुरू झाले आणि त्यानंतर आणखी चार राज्ये बाहेर पडली.

लिंकन यांचा मोठेपणा ते आरंभापासून मुक्तिदाते होते यात नाही. युद्ध चालू असताना ते शिकत गेले, आणि लोकशाहीतील नेत्याचा हा गुण फार दुर्मीळ असतो. १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा फक्त बंडखोर प्रदेशांना लागू होती आणि संघराज्यात राहिलेल्या डेलावेअर, मेरीलँड, केंटकी व मिसूरी या गुलामधारी राज्यांना तिने हात लावला नाही. पण तिने कृष्णवर्णीयांसाठी सैन्याचे दार उघडले, सुमारे १,८०,००० जण सैन्यात दाखल झाले आणि ज्यांनी संघराज्यासाठी रक्त सांडले त्यांना पुन्हा गुलामीत लोटणे अशक्य होऊन बसले. स्वतः गुलामीतून पळून आलेले वक्ते आणि संपादक फ्रेडरिक डग्लस यांनी युद्धाच्या पहिल्या दिवसापासून याच गोष्टीचा आग्रह धरला होता. ११ एप्रिल १८६५ रोजी केलेल्या अखेरच्या भाषणात लिंकन यांनी काही कृष्णवर्णीयांना, विशेषतः सैनिकांना, मताधिकार मिळावा असे मत जाहीरपणे मांडले. ते ऐकणाऱ्या जमावात जॉन विल्क्स बूथ उभा होता. तीन दिवसांनी त्याने फोर्ड नाट्यगृहात लिंकन यांच्यावर गोळी झाडली. गुलामगिरी सर्वत्र संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती लिंकन यांच्या हयातीत काँग्रेसने संमत केली होती, मात्र राज्यांची पुरेशी मान्यता मिळून ती अमलात आली डिसेंबर १८६५ मध्ये.

या मुक्तीतूनच एक विलक्षण पेच उभा राहिला आणि पुढचे सारे राजकारण त्याभोवती फिरले. गुलामगिरी संपताच तीन-पंचमांशाचा हिशेबही संपला. सुमारे चाळीस लाख मुक्त माणसे आता पुरी मोजली जाणार होती, पण मत मात्र गोऱ्यांनाच असणार होते. म्हणजे बंड करून हरलेली राज्ये प्रतिनिधिगृहात पूर्वीपेक्षा जास्त जागा घेऊन परतणार होती. मुक्त गुलामांच्या हक्कांचा प्रश्न ज्यांना नैतिक वाटत नव्हता, त्यांनाही तो व्यवहाराच्या दृष्टीने टाळता येईना.

लिंकन यांच्या जागी आलेले अँड्र्यू जॉन्सन हे टेनेसीचे. शिंपीकाम करून वर आलेले हे गृहस्थ बंडखोर राज्यांतील सिनेटरांपैकी संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेले एकटेच होते. बड्या मळेवाल्यांचा त्यांना राग होता, पण मुक्त गुलामांच्या बरोबरीची कल्पना त्यांना त्याहून असह्य होती. त्यांनी बंडखोरांना सढळ हाताने माफी दिली. त्यांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या राज्य सरकारांनी जे कायदे केले, त्यांना ‘काळे कायदे’ म्हणतात. मिसिसिपीत मुक्त माणसाला दर जानेवारीत कामाच्या कराराचा पुरावा दाखवावा लागे, तो नसेल तर भटका ठरवून त्याला दंड होई आणि दंड भरता आला नाही की दंड भरणाऱ्या गोऱ्याकडे त्याला राबायला पाठवले जाई. जॉर्जियाने तर बंडखोर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनाच सिनेटवर निवडून पाठवले. काँग्रेसने या प्रतिनिधींना प्रवेश नाकारला. १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा जॉन्सन यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवला, तेव्हा दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश बहुमताने तो पुन्हा संमत केला आणि त्याच वर्षी त्यातील तत्त्वे चौदाव्या घटनादुरुस्तीत घातली.

ही दुरुस्ती १८६८ मध्ये अमलात आली. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्रात असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे, कोणतेही राज्य योग्य कायदेशीर प्रक्रियेवाचून कोणाचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेणार नाही, आणि कायद्याचे समान संरक्षण कोणालाही नाकारले जाणार नाही, ही तिची मुख्य तत्त्वे. भारतीय संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदातील समान संरक्षणाची तरतूद याच कुळातील आहे. १८६७ च्या कायद्यांनी टेनेसी वगळता दहा बंडखोर राज्यांचे पाच लष्करी विभाग केले आणि कृष्णवर्णीय पुरुषांच्या मतांनिशी नव्या राज्यघटना बनवण्याची अट घातली. जॉन्सन यांनी वाटेत उभे केलेले अडथळे शेवटी महाभियोगापर्यंत, म्हणजे राष्ट्राध्यक्षाला पदावरून दूर करण्यासाठी काँग्रेसपुढे चालणाऱ्या अभियोगापर्यंत पोहोचले. दोषी ठरवण्यासाठी दोन-तृतीयांश मते लागत; मे १८६८ मध्ये सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ अशी मते पडली आणि केवळ एका मताने जॉन्सन वाचले. या नाट्यमय प्रसंगाला इतिहासग्रंथांत वाजवीपेक्षा जास्त जागा मिळत आली आहे. त्या काळातील अधिक निर्णायक लढाई वेगळीच होती आणि ती जमिनीची होती.

जानेवारी १८६५ मध्ये सेनापती विल्यम शर्मन यांनी साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरील सोडून दिलेली जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटण्याचा हुकूम काढला होता. काही महिन्यांतच हजारो लोक तेथे वसले, त्यांनी पेरणी केली, आणि वर्षअखेर जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मालकांना परत दिली. पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी थॅडियस स्टीव्हन्स यांनी बड्या मळेवाल्यांची जमीन सरकारजमा करून ती मुक्त माणसांना देण्याचा प्रस्ताव मांडला. स्वपक्षातील, म्हणजे लिंकन यांच्याच रिपब्लिकन पक्षातील, बहुतेकांना मालमत्तेच्या हक्काला हात लावणे मानवले नाही आणि प्रस्ताव बारगळला. या पिढीतील सर्वांत दूरदर्शी नेता कोण, असे विचारले तर स्टीव्हन्स यांचेच नाव घ्यावे लागेल, कारण ज्याच्या पोटाची दोरी दुसऱ्याच्या हातात आहे त्याचे मतही फार काळ स्वतःचे राहत नाही, हे त्यांनी सर्वांच्या आधी ओळखले होते. झाले तसेच. मुक्त माणसे जुन्याच मालकांची जमीन बटाईने कसू लागली, पिकावर आगाऊ उचल घेऊ लागली आणि कर्जात गुंतत गेली. ऑगस्ट १८६८ मध्ये स्टीव्हन्स वारले, तेव्हा वर्णाचा निर्बंध नसलेल्या एका लहानशा दफनभूमीत त्यांचे दफन झाले. ती जागा त्यांनी स्वतःच निवडून ठेवली होती.

तरीही जे घडले ते अपूर्व होते. फेब्रुवारी १८७० मध्ये वर्णावरून मत नाकारण्यास बंदी करणारी पंधरावी दुरुस्ती अमलात आली आणि त्याच महिन्यात मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स हे सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. त्यांच्या प्रवेशाला घेतलेला आक्षेप मुळातून समजून घेण्याजोगा आहे. सिनेटर होण्यासाठी नऊ वर्षे नागरिक असणे आवश्यक होते आणि विरोधकांचे म्हणणे असे, की ड्रेड स्कॉट निर्णयानुसार रेव्हल्स १८६६ किंवा १८६८ पर्यंत नागरिकच नव्हते. सिनेटने ४८ विरुद्ध ८ मतांनी हा युक्तिवाद फेटाळला. ज्या रॉबर्ट स्मॉल्स यांनी १८६२ मध्ये गुलाम असताना चार्ल्स्टन बंदरातून ‘प्लांटर’ नावाची बंडखोरांची आगबोट आपल्या कुटुंबासह पळवून नेली होती, ते पुढे काँग्रेसचे सदस्य झाले. साउथ कॅरोलायनाच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीयांचे बहुमत होते. या सरकारांनी दक्षिणेत प्रथमच सर्वांसाठी सार्वजनिक शाळांची व्यवस्था उभी केली. त्यांच्या कारभारात भ्रष्टाचार होता हे खरे, परंतु त्या काळात तो न्यूयॉर्कमध्येही होता आणि वॉशिंग्टनमध्येही. तो पुढे करून माणसांचे हक्क काढून घेण्यात आले ते मात्र फक्त दक्षिणेत.

ज्या हत्याराने हे हक्क मोडले ते मतपेटीबाहेरचे होते. कू क्लक्स क्लॅन आणि तिच्यासारख्या टोळ्या रात्री घरांवर चालून जात, शिक्षकांना आणि निवडून आलेल्यांना मारत, शाळा जाळत. राष्ट्राध्यक्ष युलिसीस ग्रँट यांची आठवण युद्धातील सेनापती म्हणून आणि सहकाऱ्यांच्या भ्रष्टाचारामुळे बदनाम झालेला प्रशासक म्हणून ठेवली जाते, पण १८७१ मध्ये त्यांनी जे केले ते त्यानंतर अनेक दशके एकाही राष्ट्राध्यक्षाने केले नाही. त्यांनी साउथ कॅरोलायनाच्या नऊ परगण्यांत देहोपस्थितीचा हक्क, म्हणजे अटकेतील व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश मिळवण्याचा हक्क, तात्पुरता थांबवला, सैन्य पाठवले, आणि अ‍ॅटर्नी जनरल एमोस एकरमन यांच्या पुढाकाराने शेकडो जणांवर खटले भरले. क्लॅन त्या वेळेपुरती मोडली. कायद्यामागे सत्ता उभी राहिली की काय होऊ शकते, हे येथे दिसते.

१८७३ हे साल या कथेचे वळण आहे, आणि महाराष्ट्राचा या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो याच सालात. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध केला आणि गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्षपणे झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, ही त्यामागची इच्छा होती. ही अर्पणपत्रिका भाबडी नव्हती. त्या घडीला कृष्णवर्णीय माणसे मत देत होती, कायदे करत होती, आणि पुण्यात बसून फुल्यांनी त्या घटनेचे महत्त्व जेवढ्या अचूकपणे ओळखले तेवढे त्या काळच्या भारतात क्वचितच कोणी ओळखले असेल. पण त्याच वर्षी १३ एप्रिलला लुइझियानातील कोलफॅक्स येथे न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांची मोठी कत्तल झाली. त्यांतील अनेकांना शरण आल्यानंतर मारण्यात आले. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने न्यू ऑर्लिन्सच्या खाटकांच्या खटल्यात पाच विरुद्ध चार असा निकाल देऊन चौदाव्या दुरुस्तीतील नागरिकत्वाच्या हक्कांचा अर्थ अगदी आक्रसून टाकला. बहुतेक नागरी हक्क राज्यांच्याच अखत्यारीत राहतात, असे त्याचे सार होते. सप्टेंबरमध्ये जे कुक यांची पेढी बुडाली, देशभर मंदी पसरली आणि उत्तरेच्या मतदाराचे लक्ष दक्षिणेवरून उडाले. १८७४ मध्ये प्रतिनिधिगृह पुनर्रचनेला विरोध करणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले. १८७६ मध्ये न्यायालयाने कोलफॅक्सच्या आरोपींच्या शिक्षा रद्द केल्या. चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी माणसांच्या हिंसेला नाही, असे कारण त्यासाठी दिले गेले.

त्याच वर्षीची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हा या कालखंडाचा शेवट मानला जातो. राष्ट्राध्यक्षाची निवड थेट मतांनी होत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक मते असतात आणि त्यांचे बहुमत मिळवावे लागते. डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम्युएल टिल्डन यांना विजयासाठी १८५ निर्वाचक मते हवी होती आणि त्यांच्याकडे १८४ होती. वीस मते वादग्रस्त ठरली, त्यांपैकी एकोणीस फ्लॉरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलायनाची. काँग्रेसने नेमलेल्या पंधरा जणांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात अशा मतांनी सर्वच्या सर्व रिपब्लिकन रदरफर्ड हेज यांना दिली. एप्रिल १८७७ मध्ये हेज यांनी साउथ कॅरोलायना आणि लुइझियानातील सरकारांच्या रक्षणार्थ असलेले सैन्य बराकीत परत पाठवले आणि ती सरकारे कोसळली. राष्ट्राध्यक्षपदाच्या बदल्यात सैन्य मागे घेण्याचा हा एका रात्रीतला सौदा होता असे सांगण्याची प्रथा आहे, पण ती फारशी बरोबर नाही. मिसिसिपीच्या गव्हर्नरांनी १८७५ मध्ये सैन्य मागितले आणि ग्रँट यांच्या सरकारने ते दिले नाही, तेव्हाच पुढचे चित्र स्पष्ट झाले होते.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. पंधराव्या दुरुस्तीने वर्ण, वंश किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून मत नाकारण्यास बंदी केली होती. कर, साक्षरता किंवा मालमत्तेच्या अटींना तिने बंदी केली नव्हती, कारण उत्तर आणि पश्चिमेकडील राज्यांनाही आपापल्या नकोशा मतदारांसाठी त्या अटी हव्या होत्या. तीच फट दक्षिणेने वापरली. १८९० मध्ये मिसिसिपीने सुरुवात केली. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, ते १९०४ मध्ये १,३४२ उरले. १८९६ च्या प्लेसी खटल्यात न्यायालयाने रेल्वेतील गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या डब्यांना मान्यता दिली आणि न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले.

पुनर्रचनेच्या पराभवानंतर या इतिहासाचे लेखनही कृष्णवर्णीयांच्या विरोधातच झाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी पुनर्रचना ही अडाण्यांच्या राज्याची शोकांतिका होती असे चित्र रंगवले आणि दोन पिढ्यांनी ते पाठ्यपुस्तकांतून वाचले. १९३५ मध्ये कृष्णवर्णीय अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ या ग्रंथात तो सारा डोलारा पुराव्यांनिशी पाडला, मात्र विद्यापीठांना ते मान्य करायला आणखी तीन दशके लागली. डनिंग कोलंबियात शिकवत होते त्याच काळात, १९१३ ते १९१६ या वर्षांत, बाबासाहेब आंबेडकर तेथे विद्यार्थी होते, आणि १९४६ मध्ये त्यांनी दु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडायच्या अर्जाची प्रत मागवली. अस्पृश्यांसाठी तोच मार्ग त्यांच्या मनात होता. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेनंतर त्र्याहत्तर वर्षांनी लिहिलेले हे पत्र महाराष्ट्राच्या विचारपरंपरेतील सलगता दाखवते, आणि ती सलगता मराठी अभ्यासकांनी अजून पुरेशा तपशिलाने तपासलेली नाही.

१९६५ चा मताधिकार कायदा उभा राहिला तो पंधराव्या दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमावर, ज्याने १८७० मध्येच अंमलबजावणीचा अधिकार काँग्रेसला दिला होता. मतदार नोंदवायला केंद्राचे अधिकारी पाठवण्याची आणि ठरावीक राज्यांना निवडणूक नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यायला लावण्याची तरतूद त्यात होती. मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांच्या मतदार-नोंदणीचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांवरून दोन वर्षांत जवळजवळ साठ टक्क्यांवर गेले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्वसंमतीसाठी राज्ये निवडण्याचे सूत्र कालबाह्य ठरवले आणि ती तरतूद निष्प्रभ झाली.

पुनर्रचनेच्या पिढीच्या मर्यादाही नजरेआड करता येत नाहीत. चौदाव्या दुरुस्तीने ‘पुरुष’ हा शब्द प्रथमच राज्यघटनेत आणला, आणि त्यामुळे स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या सुझन अँथनी व एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांचा डग्लस यांच्याशी १८६९ मध्ये कटू वाद झाला. स्त्रियांना मताधिकारासाठी १९२० पर्यंत वाट पाहावी लागली. १८७० मध्ये मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स सम्नर यांनी परदेशी व्यक्तीला नागरिकत्व देण्याच्या कायद्यातून ‘गोरा’ ही अट काढून टाकण्याचा प्रयत्न केला. चिन्यांच्या भीतीने तो फसला आणि सवलत फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळाली. त्या अपयशाची झळ भारतीयांना बसली, ती १९२३ मध्ये, जेव्हा अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्या भगतसिंग थिंड यांना सर्वोच्च न्यायालयाने गोरे नसल्याच्या कारणावरून नागरिकत्व नाकारले. भारतीयांसाठी हे दार १९४६ मध्ये उघडले.

मात्र चौदाव्या दुरुस्तीनंतर अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना ‘गोरा’ असण्याची ही अट लागू झाली नाही, आणि त्याचे श्रेय आज जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या एका सिनेटरकडेही जाते. ३० मे १८६६ रोजी चौदाव्या दुरुस्तीवर चर्चा चालू असताना पेनसिल्व्हेनियाचे एडगर कोवन यांनी कॅलिफोर्नियातील चिनी आईबापांची मुलेही नागरिक होणार काय, असा प्रश्न विरोधाच्या सुरात केला. आयर्लंडमध्ये जन्मलेले कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉन कॉनेस यांनी उठून होय, तीही नागरिक व्हावीत, असे उत्तर दिले. १८९८ मध्ये अमेरिकेत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोच अर्थ ग्राह्य धरला. जानेवारी २०२५ मध्ये तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांच्या मुलांचे जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारणारा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, तेव्हा न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातील मराठी घरांतही ज्या कलमाविषयी विचारणा सुरू झाली ते हेच कलम होते. कॉनेस यांच्या राज्यात चिन्यांविरुद्धचा रोष तेव्हा वाढत चालला होता. १८६९ मध्ये त्यांची मुदत संपली आणि कॅलिफोर्नियाने त्यांना सिनेटवर पुन्हा पाठवले नाही.